गृहभेटीत विद्यार्थिनींना स्वतंत्रपणे काम कसे करू द्यावे? अनुभवी शिक्षिकांचे मार्गदर्शन हवे आहे

नमस्कार. मी नाशिकमध्ये नर्सिंगच्या विद्यार्थिनींना कम्युनिटी हेल्थ नर्सिंग शिकवते आणि सध्या त्यांची तुकडी घेऊन त्र्यंबकेश्वर तालुक्यातील पाड्यांवर गृहभेटींना जाते. कागद अंथरून बॅग ठेवणे, हात धुणे, बाळाचे वजन घेणे, हे सगळे त्या व्यवस्थित करतात. अडचण येते ती घरच्यांनी काही विचारले की.

मागच्या आठवड्यात एका बाळंतिणीने सात दिवसांच्या बाळाला गुटी द्यावी का, असे विद्यार्थिनीला विचारले. सहा महिने केवळ आईचे दूध, हे उत्तर तिला पक्के ठाऊक होते. तरी तिने माझ्याकडे पाहिले आणि मी सवयीने बोलून गेले. त्यानंतर त्या घरातील प्रत्येकजण माझ्याशीच बोलू लागला आणि ती मुलगी मुकाट्याने नोंदी लिहीत राहिली.

म्हणून पुढच्या घरी मी आशाताईंबरोबर बाहेर ओट्यावरच बसले. आतून ऐकू येत होते. त्याच मुलीने आधी सासूबाईंना, 'तुमच्या घरात गुटी कधीपासून देतात?' असे विचारले, त्यांचे म्हणणे शेवटपर्यंत ऐकून घेतले आणि मगच दुधाचा विषय काढला. इतके चांगले मला स्वतःलाही जमले नसते. मात्र बाहेर आल्यावर वही पाहिली, तर श्वासाच्या नोंदीचा रकाना कोरा होता. नवजात बाळाचे श्वास पूर्ण मिनिटभर मोजावे लागतात आणि मिनिटाला ६० किंवा त्याहून अधिक भरले तर ते धोक्याचे लक्षण मानतात. त्यामुळे आम्ही लगेच परत आत गेलो. बाळ ठीक होते, पण तेव्हापासून मी दाराबाहेर बसायला कचरते आहे.

मी आत असले तर मुलगी बोलत नाही आणि बाहेर असले तर बाळाची जबाबदारी माझ्यावर असूनही मला काही दिसत नाही. आपण यातून कसा मार्ग काढता? निघण्यापूर्वी कोणत्या गोष्टी तिने मला दाखवल्याच पाहिजेत, हे आधी ठरवून घेता का? दोघींना जोडीने पाठवल्यास एकीच्या आड दुसरी लपते, असा आपलाही अनुभव आहे का? शिवाय काही पाड्यांवर मोबाइलला रेंज नसते, तेव्हा शिक्षिकेने किती अंतरावर थांबावे? येत्या सोमवारपासून नवी तुकडी येत आहे, त्यापूर्वी कुणी सविस्तर लिहिल्यास फार मदत होईल.