मदत हवी आहे: आऊटलुकमध्ये ईमेलमधल्या मोकळ्या जागा बिघडतात, सकाळी मेल पाठवायचाय

गोदाकाठ, रात्री ९.१२
नमस्कार मंडळी. पिंपळगाव बसवंतच्या एका द्राक्ष निर्यातदारासाठी ईमेल बनवलाय. वर बागेचा मोठा फोटो, खाली थॉमसन, शरद आणि क्रिमसन या द्राक्षांच्या वाणांचे तीन रकाने, प्रत्येकात पेटीचा फोटो, वजन आणि दर. शेवटी 'नमुना मागवा' हे बटण. जीमेलमध्ये अगदी हवा तसा दिसतो. आऊटलुकमध्ये बटण दरांना चिकटलंय, रकान्यांच्या आतली जागा गायब, आणि बागेच्या फोटोखाली पांढरी पट्टी येतेय. मार्जिन (बाहेरची जागा) दिलं, पॅडिंग (आतली जागा) दिलं, इम्पॉर्टंट (हाच नियम लावा असा जोर) लावून पाहिलं, काही फरक नाही. सीझन सुरू आहे, सकाळी ९ ला मेल गेलाच पाहिजे. नक्की उपाय माहीत असेल त्यांनी लगेच सांगा.

सातपूरकर, ९.१९
कुठलं आऊटलुक? विंडोजवरचं जुनं, विंडोजवरचं नवं, ब्राउझरमधलं, मॅकवरचं की फोनमधलं? सगळी सारखी वागत नाहीत. आणि मांडणी डिव्हमध्ये (कोडमधले साधे चौकोनी कप्पे) केलीय की टेबलमध्ये?

दिंडोरीचा_बागायतदार, ९.२३
थॉमसनच्या मण्याचा आकार मिलिमीटरमध्ये लिहिलाय का? आणि साखर किती, ते? परदेशी खरेदीदार आधी तेच बघतो, दर नंतर. पेटी साडेचार किलोची की पाचची हेही स्पष्ट लिहा. आमच्याकडे मागच्या वर्षी एवढ्यावरून दोन दिवस फोनाफोनी चालली होती.

गोदाकाठ, ९.२६
दादा, मजकूर कंपनीने दिलाय, तो मी बदलू शकत नाही. सातपूरकर, आऊटलुक म्हणजे आऊटलुक, ऑफिसात सगळे वापरतात तेच. डिव्हच आहेत, आजकाल टेबलात कोण लिहितं?

नवीन_पान, ९.३१
एमजेएमएल (ईमेलचा कोड सोपा करणारी भाषा) वापरा. तुम्ही सेक्शन आणि कॉलम लिहायचे, टेबलं ते स्वतः तयार करतं. मी दोन वर्षं हाताने एक टेबल लिहिलेलं नाही.

जुनीवही, ९.४०
गोदाकाठ, ईमेलमध्ये अजून टेबलातच लिहितात, आणि तुमच्या अडचणीचं मूळ तिथेच आहे. विंडोजवरचं जुनं आऊटलुक २००७ पासून ईमेल दाखवायला ब्राउझरचं इंजिन वापरत नाही, वर्डचं वापरतं. आपण पत्र टाइप करतो ते वर्ड. डिव्हवरचं पॅडिंग ते मानत नाही, मार्जिनचा भरवसा धरता येत नाही, आणि इम्पॉर्टंट लावून उपयोग नाही, कारण जे त्याला कळतच नाही ते जोर देऊनही कळणार नाही. टेबलाच्या टीडीवर (म्हणजे एका घरावर) दिलेलं पॅडिंग मात्र ते पाळतं. म्हणून:

बाहेर ६०० पिक्सेल रुंदीचं एक टेबल. ही रुंदी टॅगमधल्या विड्थ अॅट्रिब्यूटमध्येही लिहा, नुसती स्टाइलमध्ये नको. सेलपॅडिंग, सेलस्पेसिंग आणि बॉर्डर तिन्ही शून्य. वर्ड टेबलाच्या दोन्ही बाजूंना स्वतःची थोडी जागा घालतं, ती काढायला एमएसओ-टेबल-एलस्पेस आणि एमएसओ-टेबल-आरस्पेस शून्य पॉइंट. तीन वाणांचे तीन टीडी, आतली जागा टीडीच्या पॅडिंगने. बटणसुद्धा टीडीच करा: रंग आणि पॅडिंग टीडीला, आत फक्त लिंक.

कॉलेजरोड_डिझाइन, ९.४४
एवढं कशाला? अख्खा मेल एकच चित्र करून पाठवा. फोटोशॉपमधून काढलं की कुठेही सारखंच दिसतं, आम्ही सणांच्या शुभेच्छा तशाच पाठवतो.

सातपूरकर, ९.४९
शुभेच्छांना चालेल, दरपत्रकाला नाही. कित्येक ऑफिसांत अनोळखी पत्त्यावरून आलेली चित्रं आधी दिसतच नाहीत, तिथे खरेदीदाराला रिकामा चौकोन दिसेल. त्याला दर उचलून आपल्या शीटमध्ये टाकायचे असतील तर तेही जमणार नाही. आणि ज्यांना मेल वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर लागतं त्यांच्यापर्यंत एक आकडाही पोचत नाही. कृपा करून हे सुचवू नका.

कॉलेजरोड_डिझाइन, ९.५२
आमच्या एकाही क्लायंटने तक्रार केलेली नाही.

सातपूरकर, ९.५३
ज्याला मेल दिसला नाही तो तक्रार कशाची करणार?

रिकामी_ओळ, ९.५८
जुनीवहींचं बरोबर आहे, पण एक भर घालतो. शेजारशेजारच्या टीडींना वेगवेगळं वरचं पॅडिंग देऊ नका. वर्डचं इंजिन त्या ओळीतलं सगळ्यात मोठं पॅडिंग सगळ्याच टीडींना लावतं. थॉमसनला वरून १० आणि क्रिमसनला ३० दिलंत तर तिन्ही ३० ने खाली येतील. म्हणून मी उभ्या जागेसाठी पॅडिंग देतच नाही, रिकामी ओळ घालतो. टीडीला हाइट २०, फॉन्ट-साइझ २०, लाइन-हाइट २०, एमएसओ-लाइन-हाइट-रूल एक्झॅक्टली (ओळीची उंची दिली तेवढीच ठेवा असा नियम) आणि आत एक नॉन-ब्रेकिंग स्पेस (जिथे ओळ तुटत नाही अशी मोकळी जागा). लाइन-हाइट दिली नाही तर वर्ड तिथे स्वतःच्या अक्षराएवढी उंची धरतं आणि १० ची जागा त्याहून मोठी होते.

जुनीवही, १०.०२
रिकाम्या ओळींनी कोड फुगतो. मेल १०२ केबीच्या वर गेला की जीमेल खालचा भाग कापतं आणि पूर्ण संदेश पाहण्याची लिंक दाखवतं. बटण तिथेच असेल तर गेलं. तिन्ही टीडींना सारखं पॅडिंग द्या, प्रश्न मिटतो.

रिकामी_ओळ, १०.०५
चार ओळींनी १०२ केबी होत नाहीत. माझे मेल २५-३० केबीचे असतात.

नवीन_पान, १०.०६
एमजेएमएलमध्ये दोन्ही आपोआप होतं, हा वादच राहत नाही.

अंबड_लिंक, १०.०९
मंडळी, मी वेब डिझाइन शिकतेय. नाशिकमध्ये फक्त ईमेल बनवायचं काम मिळतं का, की पुण्याला जावं लागेल?

सातपूरकर, १०.११
ताई, घरी बसून मिळतं. वेगळा धागा काढा, तिथे सविस्तर लिहितो.

गोदाकाठ, १०.४८
सगळं टेबलात हलवलं. दोघांचं मिळून घेतलं: रकान्यांना सारखं पॅडिंग, बटणाच्या वर रिकामी ओळ. बटण सुटं झालं! रकानेही नीट बसले. पण बागेच्या फोटोखालची पट्टी घालवायला एमएसओ-लाइन-हाइट-रूल एक्झॅक्टली सगळ्याच टीडींना लावलं, तर आता फोटोंच्या जागी बोटभर पट्ट्या दिसतात. पेटीचा फक्त खालचा काठ दिसतोय. मेल आधीपेक्षा वाईट झालाय, लवकर सांगा.

रिकामी_ओळ, १०.५२
मी ते फक्त रिकाम्या ओळीला सांगितलं होतं. वर्डमध्ये परिच्छेदाला ओळीचं अंतर एक्झॅक्टली दिलं की त्यातला फोटो तेवढ्याच उंचीत कापला जातो. इथे नेमकं तेच झालंय. फोटोच्या टीडीवरून ते काढा.

जुनीवही, १०.५५
आणि फोटोला डिस्प्ले ब्लॉक द्या. फोटो अक्षरासारखा ओळीत बसतो, म्हणून अक्षरांच्या शेपटांसाठी खाली जागा राखली जाते. ती तुमची पांढरी पट्टी. टीडीचा टॅग, फोटोचा टॅग आणि बंद होणारा टीडी एकाच ओळीत सलग लिहा, मध्ये एंटर नको.

गोदाकाठ, ११.१०
पट्टी गेली, फोटो पूर्ण दिसतायत. माझ्या भावाच्या लॅपटॉपवर आऊटलुक २०१६ आहे, तिथे तपासलं. पण निर्यातदारांनी त्यांच्या लॅपटॉपवरून स्क्रीनशॉट पाठवलाय, त्यात अक्षरं मोठी झालीत आणि दर दोन ओळींत मोडलेत. आऊटलुक तेच, २०१६. असं कसं?

सातपूरकर, ११.१४
त्यांच्या विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये स्केल किती आहे ते विचारा. १२५ टक्के असेल बघा.

गोदाकाठ, ११.२१
हो, १२५! तुम्हाला कसं कळलं?

सातपूरकर, ११.२९
लहान पडद्याच्या लॅपटॉपवर बहुतेक वेळा तसंच असतं. तेव्हा जुनं आऊटलुक अक्षरं आणि स्टाइलमधली मापं वाढवतं, विड्थ अॅट्रिब्यूटमधले आकडे तसेच ठेवतं. रकाना तेवढाच, अक्षर मोठं, म्हणून दर मोडतो. हेडमध्ये (कोडच्या सुरुवातीच्या भागात) फक्त आऊटलुकसाठीच्या कंडिशनल कमेंटमध्ये ऑफिस डॉक्युमेंट सेटिंग्जचा एक्सएमएल तुकडा घाला आणि पिक्सेल्स-पर-इंच ९६ लिहा. एचटीएमएल टॅगवर ऑफिसचा नेमस्पेस (त्याच्या टॅगांची ओळख) जोडायला विसरू नका, नाहीतर तो तुकडा वाचलाच जात नाही. शिवाय दर आणि त्याचं एकक यांच्यामध्ये नॉन-ब्रेकिंग स्पेस टाका.

दिंडोरीचा_बागायतदार, ११.३३
दर मोडला तर खरेदीदार चुकीचा आकडा वाचेल, हे बघून घ्या. मण्याचा आकार अजून लिहिलेला नाही ना?

गोदाकाठ, सकाळी ७.४०
रात्री निर्यातदारांना जागं ठेवून त्यांच्याच लॅपटॉपवर पाहिलं, दर एका ओळीत आलेत. दादा, तुमचं त्यांना वाचून दाखवलं, त्यांनी लगेच मण्याचा आकार आणि पेटीचं वजन दोन्ही पाठवलं, तेही घातलंय. सातपूरकर, जुनीवही, रिकामी ओळ, तुमचे मनापासून आभार. मी चिडून लिहिलं त्याबद्दल माफ करा.

जुनीवही, ७.५२
छान झालं. पाठवण्याआधी एक बघा: फोनवर तीन रकाने एकाखाली एक यावेत म्हणून मीडिया क्वेरी (पडद्याच्या रुंदीनुसार लागणारा नियम) हेडमधल्या स्टाइलमध्ये ठेवलीय ना? खरेदीदाराने जीमेल अॅपमध्ये जीमेलऐवजी कंपनीचं खातं जोडलं असेल तर तिथे ती स्टाइल लागत नाही. ती काढून टाकून एकदा स्वतःलाच पाठवा आणि फोनवर दर वाचता येतात का ते पाहा.

गोदाकाठ, ७.५५
लगेच पाहतो. अजून तासभर आहे.