मदत हवी आहे : हॉटेलात वडिलांचा अपमान झाला, तक्रार कोणाकडे आणि कशी करावी?

नमस्कार.

गेल्या रविवारी पुण्यातील एका हॉटेलात घडलेल्या प्रसंगाविषयी आपला सल्ला हवा आहे. हॉटेलाचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण मालकांची बाजू मी अजून ऐकलेली नाही.

वडिलांना पंच्याहत्तर वर्षे पूर्ण झाली म्हणून आम्ही सहा जण जेवायला गेलो होतो. नाव नोंदवून पन्नास मिनिटे बाहेर उभे राहिलो, त्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही. रविवारी दुपारी एवढे थांबावेच लागते. वडिलांना कमी ऐकू येते. दोन्ही कानांना यंत्रे आहेत, परंतु भांड्यांचा, पंख्यांचा आणि माणसांचा आवाज एकत्र झाला की यंत्र सगळेच मोठे करून ऐकवते आणि समोरच्या माणसाचे शब्द त्यात हरवतात. त्यांनी मेनूकार्डावरील एका भाजीवर बोट ठेवून ती किती तिखट असते असे विचारले. वेटरने दिलेले उत्तर त्यांना कळले नाही, म्हणून त्यांनी पुन्हा विचारले, आणि तिसऱ्यांदा विचारले तेव्हा तो शेजारच्या टेबलांवरही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "ऐकू येत नाही, तिखट चालत नाही, मग घरीच वरणभात खायचा ना आजोबा. इथे लोक खोळंबलेत."

वडिलांनी मेनूकार्ड मिटून ठेवले. थोड्या वेळाने त्यांनी दोन्ही कानांतील यंत्रे काढली, रुमालात गुंडाळली आणि खिशात ठेवली. पुढचा तासभर ते आमच्यात बसले होते, पण आमचे बोलणे त्यांच्यापर्यंत पोहोचत नव्हते. त्यांनी केवळ थोडा दहीभात घेतला आणि तोही अर्धा टाकला. ज्यांनी आयुष्यभर ताटात अन्नाचा कण टाकू दिला नाही, त्यांचे ते अर्धे ताट मला अजून दिसते.

बिल आले तेव्हा जेवणाचे ३,२४० रुपये, त्यावर दहा टक्के सर्व्हिस चार्ज म्हणून ३२४ रुपये आणि या दोन्हींच्या बेरजेवर पाच टक्के जीएसटी, असे एकूण ३,७४२ रुपये झाले होते. मी गल्ल्यावर जाऊन मॅनेजरांना घडलेला प्रकार सांगितला आणि निदान सर्व्हिस चार्ज तरी काढावा अशी विनंती केली. ते म्हणाले, "आमच्याकडे हीच पद्धत आहे. पटत नसेल तर येऊ नका. बाहेर बघा, चाळीस माणसे उभी आहेत." मी पूर्ण पैसे भरले. वडील दारात उभे होते आणि त्यांच्यासमोर आणखी वाद व्हावा असे मला वाटले नाही.

त्या वेळी माझ्या धाकट्या भावाने फोनवर सुमारे चाळीस सेकंदांचे चित्रण केले. त्यात मॅनेजरांचे वाक्य स्पष्ट ऐकू येते, परंतु मागे उभ्या असलेल्या त्या वेटरचा चेहरा आणि छातीवरची नावाची पट्टीही दिसते. भावाला ते चित्रण सर्वत्र पाठवायचे आहे. वडिलांचा त्याला सक्त विरोध आहे. "त्या मुलाची नोकरी माझ्यामुळे जाता कामा नये," एवढेच ते म्हणतात आणि त्यापुढे या विषयावर बोलत नाहीत.

पुण्याच्या फटकळपणाविषयी आपण कौतुकाने बोलतो हे मला ठाऊक आहे. हॉटेलांतील पाट्या वाचतच मी लहानाची मोठी झाले आणि त्यांचे मला कधी वाईट वाटले नाही, कारण पाटीवरचा नियम आलेल्या प्रत्येकाला सारखाच लागू असतो. रविवारचे वाक्य माझ्या वडिलांच्या कानांकडे बोट दाखवून बोलले गेले होते, आणि ते मला सोडून देता येत नाही.

म्हणून विचारते. केवळ उद्धट बोलण्याबद्दल ग्राहकाला अधिकृत तक्रार करता येते का? सर्व्हिस चार्जबद्दल नियम काय आहे? चित्रण प्रसिद्ध करणे योग्य ठरेल का? आणि ज्याने अपमान केला त्याची रोजीरोटी न जाता, हॉटेलाला आपली चूक मान्य करावी लागेल असा एखादा मार्ग आहे का?

प्रतिसाद (नाशिक)

ताई, मी बरीच वर्षे ग्राहक चळवळीत काम करतो. आपल्या तक्रारीचे दोन वेगळे भाग करावेत, कारण दोन्हींचा पुरावा वेगळा आहे.

सर्व्हिस चार्जचा पुरावा आपल्या हातातच आहे, तो म्हणजे बिल. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी मार्गदर्शक तत्त्वे जारी केली. त्यांनुसार हॉटेलाला ही रक्कम आपोआप बिलात लावता येत नाही, दुसऱ्या नावाने घेता येत नाही आणि ती देण्याची सक्तीही करता येत नाही. ती देणे ऐच्छिक आहे हे ग्राहकाला स्पष्ट सांगावे लागते. जेवणाच्या रकमेत ती मिळवून एकूण रकमेवर जीएसटी लावण्यासही या तत्त्वांत मनाई आहे आणि आपल्या बिलात नेमके तेच झाले आहे. ३,२४० रुपयांवर पाच टक्के कर धरला असता तर ३,४०२ रुपये झाले असते. म्हणजे ३२४ रुपयांच्या त्या ओळीमुळे आपले प्रत्यक्षात ३४० रुपये अधिक गेले. या तत्त्वांना हॉटेलचालकांच्या दोन संघटनांनी आव्हान दिले होते. दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ रोजी ती वैध ठरवली आणि दोन्ही याचिका प्रत्येकी एक लाख रुपयांच्या खर्चासह फेटाळल्या.

उद्धट वागणुकीचे थोडे अवघड आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये सेवेतील त्रुटीची जी व्याख्या आहे, तिच्यात सेवेच्या दर्जाबरोबरच ती देण्याच्या रीतीतील उणीवही येते, त्यामुळे हा मुद्दा मांडता येतो. मात्र वेटरचे वाक्य चित्रणात नाही. घरच्यांच्या साक्षीवरच भिस्त राहील. मॅनेजरांचे वाक्य चित्रणात आहे, म्हणून ते मूळ चित्रण कापछाट न करता जपून ठेवावे. अपंग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ च्या कलम ९२ नुसार अपंग व्यक्तीचा लोकांसमक्ष, मानहानीच्या उद्देशाने केलेला अपमान हा गुन्हा आहे आणि त्याला किमान सहा महिन्यांच्या कारावासाची तरतूद आहे. ही तरतूद आपल्याला माहीत असावी म्हणून लिहिले. वडिलांची इच्छा वाचल्यानंतर त्या मार्गाने जावे असे मी सुचवणार नाही.

आधी मालकांना लेखी पत्र द्यावे आणि उत्तरासाठी पंधरा दिवसांची मुदत द्यावी. उत्तर न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. तेथे मराठीत बोलता येते. त्यानेही काम न झाल्यास जिल्हा ग्राहक आयोग आहेच. आपण राहता त्या जिल्ह्यात अर्ज करता येतो, घटनेपासून दोन वर्षांची मुदत असते, वकील सक्तीचा नाही आणि पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारासाठी शुल्कही नाही. अखिल भारतीय ग्राहक पंचायतीची स्थापना १९७४ मध्ये आपल्या पुण्यातच झाली. अर्ज लिहिताना तिच्या कार्यकर्त्यांची मदत मागण्यास संकोच करू नये.

प्रतिसाद (कोल्हापूर)

माझे मत थोडे वेगळे आहे. ते वाक्य कानावर पडताच सर्वांनी शांतपणे उठून बाहेर पडायला हवे होते. ऑर्डर दिलेली नव्हती, त्यामुळे एक पैसाही देणे लागत नव्हते. आपण जेवतो, पैसे भरतो आणि घरी येऊन पत्र लिहितो, तोवर त्या टेबलावर दुसरे कुटुंब बसलेले असते. वडिलांच्या वाढदिवशी पन्नास मिनिटे थांबल्यानंतर उठणे किती जड जाते हे मी समजू शकतो, तरीही पुढच्या वेळेसाठी हे मनात असावे असे वाटते.

प्रतिसाद (ठाणे)

मी सतरा वर्षे हॉटेलांत काम केले, आधी वेटर म्हणून आणि नंतर कॅप्टन, म्हणजे वेटरांवर देखरेख करणारा, म्हणून. त्या मुलाने जे केले त्याचे समर्थन मी करणार नाही. मात्र आपली तक्रार कोणाविरुद्ध असावी हे ठरवताना आतली बाजू ठाऊक असणे आवश्यक आहे.

रविवारी बाहेर चाळीस माणसे उभी असतात तेव्हा गल्ल्यावरून एकच निरोप सतत येतो, तो म्हणजे टेबल लवकर मोकळे करा. ऑर्डर घ्यायला वेळ लागला की केओटी, म्हणजे स्वयंपाकघरात द्यायची ऑर्डरची चिठ्ठी, आत उशिरा जाते, आचारी वेटरवर ओरडतो, पदार्थ उशिरा येतात, ग्राहक वेटरवर चिडतात आणि शेवटी मॅनेजरही त्यालाच बोलतो. सकाळी अकराला उभा राहिलेला मुलगा चारला थोडा टेकतो आणि सातला पुन्हा उभा राहतो, तो मध्यरात्रीपर्यंत. बहुतेक मुले बाहेरगावची असतात आणि हॉटेलाच्याच खोलीत दहा-बारा जण राहतात, म्हणजे नोकरी गेली की त्याच रात्री निवाराही जातो. आपल्या वडिलांनी हे न सांगता ओळखले, याबद्दल मला त्यांच्याविषयी फार आदर वाटतो.

सर्व्हिस चार्ज जेवण वाढणाऱ्या मुलांनाच मिळतो असा अनेकांचा समज असतो. मी काम केलेल्या चार हॉटेलांपैकी एकाच ठिकाणी तो महिन्याच्या शेवटी मुलांमध्ये वाटला जात असे. इतर तिन्ही ठिकाणी तो मालकांच्या हिशेबात जात होता आणि आम्हाला मिळत होती ती केवळ टेबलावर ठेवलेली टीप. त्यामुळे तो नाकारताना वेटरच्या पोटावर पाय येईल अशी भीती बाळगू नये.

माझ्या मते खरा दोष मॅनेजरांचा आहे. वेटर चुकला तर कॅप्टनने टेबलाशी जाऊन क्षमा मागायची आणि त्या मुलाला काही वेळ दुसऱ्या टेबलांकडे पाठवायचे, हे आम्हाला पहिल्याच महिन्यात शिकवले गेले होते. आपल्या हॉटेलात ते कोणी केले नाही, आणि आपण स्वतः गल्ल्यावर गेल्यावरही आपल्याला बाहेरची रांग दाखवली गेली. आपले पत्र थेट मालकांच्या नावे असावे. मॅनेजरांच्या हाती दिल्यास ते पुढे जाईलच याची खात्री नाही. वेटरचे नाव त्यात लिहू नये. "आपल्या कर्मचाऱ्याने" एवढे पुरेसे आहे, आणि त्याला कामावरून काढू नये हेही स्पष्ट शब्दांत लिहावे.

चित्रण प्रसिद्ध करू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. माझ्या हाताखालच्या एका मुलाचे असेच चित्रण पसरले होते. मालकांनी त्याला दुसऱ्या दिवशी काढून टाकले, हॉटेलाने दिलगिरीचा मजकूर प्रसिद्ध केला, लोकांचे समाधान झाले आणि टेबल लवकर मोकळे करण्याचा गल्ल्यावरचा हुकूम जसाच्या तसा राहिला.

प्रतिसाद (सांगली)

मलाही कमी ऐकू येते आणि मी गेली आठ वर्षे यंत्र वापरतो. गर्दीच्या ठिकाणी मी भिंतीला पाठ करून बसतो, म्हणजे मागचा आवाज कमी येतो, आणि वेटरला सुरुवातीलाच सांगतो की मला ओठ पाहून समजते, तेव्हा समोर उभे राहून बोलावे. बहुतेक जण आनंदाने तसे करतात. हे वडिलांना सुचवताना मात्र चूक त्यांची होती असा सूर लागू देऊ नका. यंत्र काढून खिशात ठेवणे मीही अनेकदा केले आहे. त्यानंतर पुन्हा बाहेर जेवायला जाण्याची इच्छा होण्यासाठी मला काही महिने लागले होते. तक्रारीचे काम चालू राहीलच, पण त्यांना लवकरच एखाद्या कमी गर्दीच्या वेळी, त्यांच्या ओळखीच्या जागी घेऊन जावे.

धागालेखिका

आपण सर्वांनी एवढा वेळ देऊन लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. हे प्रतिसाद मी वडिलांना वाचायला दिले. ठाण्याचा प्रतिसाद त्यांनी दोनदा वाचला आणि सांगलीचा वाचून झाल्यावर, भिंतीला पाठ करून बसण्याची युक्ती आपल्याला कशी सुचली नाही, असे म्हणाले. भावाने चित्रण कोणालाही न पाठवण्याचे मान्य केले आहे. ते केवळ पुराव्यासाठी जपून ठेवू.

कोल्हापूरच्या सदस्यांचे म्हणणे मला पटते. त्या क्षणी मला उठायचे सुचले नाही, आणि वडिलांनी "राहू दे" अशी खूण केल्यावर माझे पाऊल उचलले गेले नाही.

मालकांना पाठवायच्या पत्राचा मुख्य मजकूर असा लिहिला आहे :

"दिनांक व बिल क्रमांक सोबतच्या प्रतीवर आहेत. माझ्या वडिलांना कमी ऐकू येते. त्यांनी एक प्रश्न तीनदा विचारला म्हणून आपल्या कर्मचाऱ्याने सर्वांसमक्ष त्यांच्या बहिरेपणाचा उल्लेख करून त्यांना घरी जेवण्यास सांगितले. ही बाब मॅनेजरांच्या कानावर घातली असता त्यांनी बाहेरची रांग दाखवली. विनंती करूनही सर्व्हिस चार्ज कमी करण्यात आला नाही. माझ्या तीन मागण्या आहेत. आपण स्वतः वडिलांना लेखी क्षमापत्र पाठवावे. सर्व्हिस चार्ज आणि त्यावरील कर मिळून ३४० रुपये परत करावेत व यापुढे ही रक्कम कोणाच्याही बिलात आपोआप लावू नये. गर्दीच्या वेळीही वृद्ध आणि कमी ऐकू येणाऱ्या ग्राहकांशी कसे बोलावे, हे मॅनेजरांसह सर्वांना शिकवावे. संबंधित कर्मचाऱ्याला कामावरून काढू नये, ही माझ्या वडिलांची इच्छा आहे. पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनकडे तक्रार नोंदवीन."

यातील 'बहिरेपणाचा' हा शब्द वडिलांना खटकतो आहे. त्यांच्या मते 'कमी ऐकू येण्याचा' असे लिहावे. मला मात्र तो शब्द ठेवावासा वाटतो, कारण त्याने अपमानाचे स्वरूप नेमके कळते. यावर आणि पत्रातील इतर भाषेवर काही सुचवायचे असल्यास मंगळवारपर्यंत लिहावे. बुधवारी मी ते स्पीड पोस्टाने पाठवणार आहे.