बूटलोडरने फाईलसिस्टम ओळखावी, की सांगितलेली मानावी?

मांडवीकाठ: बूटलोडरने, म्हणजे यंत्र उठताना ऑपरेटिंग सिस्टम चढवणाऱ्या प्रोग्रामने, डिस्कवर कुठली फाईलसिस्टम (फाईली ठेवायची पद्धत) आहे ते हुंगत बसू नये, असं माझं मत. यू-बूट हा बूटलोडर आधी एफएटी, मग ईएक्सटी४ अशी एकेक फाईलसिस्टम पाहतो. जो पहिला ‘माझी’ म्हणेल त्याची डिस्क. ग्रब या दुसऱ्या बूटलोडरचंही तेच. गोव्यातल्या सत्तरी-काणकोणात पावसाळ्यात वीज सारखी ये-जा करते, यंत्र माणसावाचून उठलं पाहिजे. यू-बूटच्या आज्ञेत नुसतं ‘लोड’ न लिहिता ‘ईएक्सटी४लोड’ लिहा, मग तो बाकीच्यांकडे बघतही नाही.

फर्मागुडी: सांगितलेलं खरं कशावरून? एमबीआरमधला (डिस्कच्या सुरुवातीच्या पार्टिशन-नोंदीतला) ८३ हा प्रकार-क्रमांक ईएक्सटी४, एक्सएफएस, बीटीआरएफएस सगळ्यांना चालतो. ०७ म्हणजे एनटीएफएस किंवा एक्सएफएटी. डिस्क वाचावी लागणारच. खोट आहे ती अर्धवट तपासणीत. ईएक्सटीची खूण शून्यापासून मोजल्यास १०८०व्या बाइटला, आणि तीही दोनच बाइटांची: हेक्समध्ये (सोळाच्या पायात) ईएफ५३, डिस्कवर उलटी, ५३ ईएफ. निव्वळ योगायोगाने जुळायची शक्यता ६५,५३६त एक. म्हणून ब्लॉकचा आकार आणि इनोडची (फाईलींच्या नोंदींची) संख्या पटण्याजोगी आहे का ते बघा. मेटाडेटा चेकसम (फाईलसिस्टमच्या नोंदी बिघडल्या का ते दाखवणारा पडताळा-आकडा) चालू असेल तर सुपरब्लॉकच्या, म्हणजे फाईलसिस्टमच्या मुख्य नोंदीच्या, शेवटच्या चार बाइटांतला सीआरसी३२सी हा चेकसम पडताळा. पहिल्या सेक्टरच्या शेवटच्या ५५एए या शिक्क्यावर विसंबणारा कोड तर फेकूनच द्या, तो शिक्का एमबीआरलाही असतो. ‘एफएटी३२’ ही अक्षरंही पुरावा नव्हेत. क्लस्टर (साठवणीचे गट) ४,०८५पेक्षा कमी तर एफएटी१२, ६५,५२५पेक्षा कमी तर एफएटी१६, पुढे एफएटी३२.

मांडवीकाठ: आणि जुन्या खुणांचं काय? झेडएफएस या फाईलसिस्टमची चार लेबलं असतात, दोन सुरुवातीला, दोन शेवटी. वर नवी फाईलसिस्टम चढवली तरी शेवटची दोन बऱ्याचदा चेकसमसकट शाबूत राहतात. तुमच्या कडक तपासणीत तीही पास!

फर्मागुडी: ते फॉरमॅटआधीच निस्तरायचं. ‘वाइपएफएस’ ही खुणा पुसायची आज्ञा नुसती चालवली तर खुणांची फक्त यादी येते; पुसायला ‘-ए’ लागतो. ‘बीएलकेआयडी -पी’ या फाईलसिस्टम ओळखणाऱ्या प्रोग्रामला परस्परविरोधी खुणा दिसल्या तर तो निवड न करता एक्झिट कोड ८ देतो. बूटलोडरनेही तसंच थांबावं.

मांडवीकाठ: थांबावं? मग काणकोणात रात्री दोन वाजता कळ दाबायला कोण जाणार, तुम्ही?

साळकाठ: दोघांच्याही वादात एक गोष्ट राहिली. ईएक्सटी४ बनवणाऱ्या ई२एफएसप्रॉग्स या साधनसंचात १.४७.०पासून ‘मेटाडेटा_सीसम_सीड’ (चेकसमचं बीज डिस्कवर वेगळं ठेवणारी सोय) मुळातच चालू असतं. मूळ ग्रब २.०६ला ते कळत नाही आणि तो ‘अननोन फाईलसिस्टम’ म्हणून मोकळा होतो. खूण बरोबर, चेकसम बरोबर, डिस्क ठणठणीत! २.१२मध्ये हे सुटलं. जुना ग्रब ठेवायचा असेल तर बूटचं पार्टिशन बनवताना ‘एमकेएफएस’ला ‘-ओ ^मेटाडेटा_सीसम_सीड’ द्या. हा ‘ओ’ मोठ्या लिपीतला. ‘ईएक्सटी४लोड’ लिहून किंवा सीआरसी तपासून इथे काय साधणार, ते दोघांनी सांगावं.