सिबिलमधली चूक बँकेची, मग हेलपाटे आपण का मारायचे?

उद्यमनगरकर: लेथ मशिनचं कर्ज फिटलं, बँकेनं नो ड्यूजही (काही बाकी नसल्याचा दाखला) दिलं. आता दुसरीकडं कॅश क्रेडिट (सीसी, म्हणजे धंद्याच्या खेळत्या पैशासाठीचं कर्ज) मागायला गेलो, तर सिबिलच्या रिपोर्टात तेच खातं चालू आणि वर १,८४० रुपये थकीत! शाखेत विचारलं तर म्हणे, "ते वरनं होतंय." माझं म्हणणं, ज्यानं चुकीची माहिती पाठवली त्यानंच निस्तरावी. ग्राहकानं डिस्प्यूट (नोंदीवर हरकत) टाकत का बसायचं?

राजारामपुरीवाला: राग बरोबर आहे, पण सिबिल ही कर्जफेडीच्या नोंदी ठेवणारी कंपनी बँकेनं होकार दिल्याशिवाय नोंद बदलत नाही. म्हणून दोन्हीकडं लेखी तक्रार करा, नो ड्यूज जोडा, तक्रार क्रमांक जपून ठेवा. पैसे लागत नाहीत. ३० दिवसांत निकाल नाही लागला तर पुढं रोज १०० रुपये भरपाई, एप्रिल २०२४ पासून हा नियम आहे. त्यातले २१ दिवस बँकेचे. तिनं वेळ घालवला तर भुर्दंड तिलाच.

उद्यमनगरकर: रोजचे १०० रुपये घेऊन काय करू? महिनाभर सीसी अडकली तर कास्टिंगचा माल कशानं उचलायचा? आणि पहिले ३० दिवस तर फुकटच की त्यांना.

निवृत्त वसुलीवाला: थोडं कडू बोलतो. माझ्या टेबलावर 'चूक आहे' म्हणून आलेल्या बऱ्याच नोंदी खऱ्याच निघायच्या. मेव्हण्याला जामीन राहिलेला माणूस विसरतो, मेव्हणा हप्ता थकवतो, नोंद दोघांच्याही रिपोर्टात. तडजोड करून कमी रक्कम भरली असेल तर 'सेटल्ड' असंच येणार, 'क्लोज्ड' नाही. ती चूक नव्हे. नुसता 'स्कोअर कमी का' म्हणून भांडलात तर ती भरपाईही नाही.

उद्यमनगरकर: साहेब, मी सगळे हप्ते भरलेत. जामीन नाही, तडजोड नाही. दुसऱ्यांचा हिशोब माझ्या माथी कशाला?

शाहूपुरी_९: ५ हजार घेऊन स्कोअर (रिपोर्टातले कर्जफेडीचे गुण) दुरुस्त करून देतो म्हणणारा एक एजंट आहे. द्यावा का?

राजारामपुरीवाला: अजिबात नको. तो तुमच्याच ओटीपीवर तुमचाच डिस्प्यूट टाकणार. सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स, क्रिफ हायमार्क अशा नोंदी ठेवणाऱ्या चार कंपन्या आहेत, चौघांकडनं वर्षाला एकेक पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. चारही बघा, चूक एकातच असते असं नाही.

निवृत्त वसुलीवाला: उद्यमनगरकर, तुमची केस खरी दिसते. थकबाकी कळवताना बँकेनं ग्राहकाला एसएमएस किंवा ईमेल करायचा असतो. आला होता का? नसेल तर तक्रारीत तेही लिहा. ३० दिवसांत दाद नाही मिळाली तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं (ग्राहकांच्या तक्रारी ऐकणारा अधिकारी) जा.

उद्यमनगरकर: एसएमएस नाही, ईमेल नाही. लिहितो आजच. पण हेलपाटा माझाच झाला, हे मी सोडणार नाही.