दारू सोडल्यावरच्या संध्याकाळी काय वाचताय, काय बघताय? मदत हवी आहे

मंडळी, ठाण्यातून लिहितोय. दारू सोडून काही महिने झाले. दारू सोडणाऱ्यांच्या गटाची मीटिंग चुकवत नाही, झोप सुधारली, ऑफिसचे दिवस निभावतात. घोडं अडतं ते शनिवारी संध्याकाळी. सात ते दहा वेळ जाता जात नाही. सिरीज लावावी तर दुसऱ्याच एपिसोडला हिरो ग्लासात बर्फ टाकतो. तो खळ्ळ आवाज आला की मी टीव्हीच बंद करतो.

सध्या वाचनावर भागवतोय. आपलं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासूनचं, तिथले जुने दिवाळी अंक आणून फडशा पाडतो. कथा आधी, राशिभविष्य शेवटी (तेही जुन्या वर्षाचं, मजा येते). जाड कादंबरी मात्र पन्नास पानांपुढे सरकत नाही, लक्षच लागत नाही. तुमचंही सुरुवातीला असंच व्हायचं का?

नाटकं पुन्हा बघायला लागलोय, गडकरी रंगायतनला. मध्यंतरात बटाटेवडा आणि चहा, घरी यायला रात्र होते, म्हणजे अवघड वेळ परस्पर निघून जातो. आता ज्यांच्या नावाचं नाट्यगृह, त्यांनीच ‘एकच प्याला’ लिहिलंय. पण त्यातल्या दारुड्या तळीरामाला भेटायची माझी एवढ्यात तयारी नाही!

तर हलकंफुलकं, छोटं काहीतरी सुचवा. पुस्तक, पॉडकास्ट, ज्यात पार्ट्या नाहीत अशी सिरीज, काहीही. ऐरोलीच्या खाडीत फ्लेमिंगो बघायला बोटीने कुणी गेलंय का? एकट्याने जाण्यात मजा आहे की सोबत हवी? वाशी-नेरूळकडचं काही असेल तरी सांगा, ट्रान्स-हार्बर लोकलने येईन. उपदेश नको, नावं द्या.