मदत हवी आहे: एचओ लेआउटवर बोरघाट, मागून बँकर लावला की डबे उतरतात

नमस्कार मंडळी,

घरच्या लेआउटवर, म्हणजे 1:87 प्रमाणाच्या (एचओ) मॉडेल रेल्वेवर, बोरघाटाचा म्हणजे कर्जत-लोणावळा घाटाचा एक तुकडा उभा करतोय. एकट्या इंजिनाने ओढली तर पाच डब्यांची गाडी कशीबशी चढते. मागून बँकर (गाडी रेटणारं जादा इंजिन) लावला की वळणावर मधला डबा हमखास रूळ सोडतो. इथे एचओ आणि डीसीसी (रुळांतून डिजिटल आज्ञा पाठवून इंजिनं चालवायची पद्धत) चालवणारे असतील तर मार्ग सुचवा. थोडं सविस्तर लिहितो, म्हणजे बिघाड कुठे असेल याचा अंदाज येईल.

खोली 10 बाय 11 फुटांची, त्यात 8 बाय 4 चा मरीन प्लाय. रूळ कोड 100 (रुळाच्या उंचीचा आकडा) फ्लेक्सी, म्हणजे हवे तसे वाकणारे, वळणाची त्रिज्या 56 सेंमी. चढ 1:40 (खऱ्या घाटात 1:37). वरच्या रुळाला खालचा रूळ ओलांडायचा तर निदान 8 सेंमी उंची हवी, आणि 1:40 ने तेवढं चढायला 3.2 मीटर लागतात. त्यामुळे चढाचा बराच भाग वळणावरच येतो. डबे आयसीएफ पद्धतीचे, प्लॅस्टिक शीट कापून घरीच केलेले, प्रत्येकी साधारण 24.5 सेंमी. दोन इंजिनं दोन वेगळ्या कंपन्यांची, दोन्हीत डीकोडर (आज्ञा वाचून मोटार चालवणारी चिप). आज्ञा पाठवणारं कमांड स्टेशन अर्डुइनो मेगा बोर्डावरचं डीसीसी-ईएक्स. आपला ब्रॉडगेज 1676 मिमी, म्हणजे 1:87 ने सव्वाएकोणीस मिमी व्हायला हवा. बाजारात मिळतात ते 16.5 मिमीचे रूळ, तेच वापरलेत. डब्यांच्या बाजू नीट रंगवल्या की ती तफावत नजरेत भरत नाही.

बँकर काढून टाक, असं एकाने सुचवलं. पण मग घाट कशाला करायचा? कर्जतला गाडी थांबते, मागे इंजिनं लागतात, हलकासा धक्का बसतो आणि निम्मा डबा वडे घ्यायला दारात उभा असतो. मला टेबलावर हवा आहे तो नेमका हाच धक्का. 1863 मध्ये हा घाट सुरू झाला तेव्हा वर रिव्हर्सिंग स्टेशन होतं, गाडीची दिशा उलटवून पुढे जावं लागे. 1929 मध्ये नवा मार्ग झाला आणि ते सुटलं. मी घेतलाय तो 1500 व्होल्ट डीसीचा काळ, डब्ल्यूसीजी-2 या विजेच्या इंजिनांची जोडी मागून रेटत असायची तो. कर्जत ते लोणावळा 28 किमी, 1:87 ने तब्बल 320 मीटर. म्हणून ठाकूरवाडी ते मंकी हिल एवढाच पट्टा धरलाय, तोही बराच आक्रसून.

डोंगर थर्माकोलचा आहे. त्याच्या आडव्या पट्ट्या एकावर एक चिकटवल्या आणि कडा सुरीने ओबडधोबड तासल्या की सह्याद्रीच्या बेसाल्टचे थर आपोआप दिसू लागतात. दिवाळीचे किल्ले करण्यात बालपण गेलंय, ते इथे कामी आलं. खडी म्हणून क्रश सँड चहाच्या गाळणीने चाळून घेतली, रुळांमध्ये ब्रशने सारखी केली आणि वर पातळ केलेल्या फेविकॉलमध्ये भांड्यांच्या साबणाचा थेंब टाकून ड्रॉपरने सोडलं. साबणामुळे गोंद खडीत मुरतो, नाहीतर वरच थेंब होऊन बसतो. हे काम करताना रात्रीचे दोन कधी वाजतात कळत नाही.

आता मूळ दुखणं. गाडी चढाला लागते, वळणाच्या मध्यावर येते आणि तिसऱ्या डब्याच्या पुढच्या ट्रॉलीचं बाहेरचं चाक रुळाच्या माथ्यावर चढतं. क्षणभर फ्लँजवर (चाकाच्या आतल्या कडेवर) तोलून राहतं आणि मग डबा वळणाच्या बाहेर कलंडतो. दर वेळी बाहेरच, आत कधीच नाही. चाकांचं गेज तपासलं, सांध्यांवर बोट फिरवून पाहिलं, कुठे उंचवटा नाही. बसवायर (खालून जाणारी मुख्य तार) जाड आहे आणि रुळाच्या प्रत्येक तुकड्याला वेगळा फीडर (जोडतार) दिलाय, तेव्हा व्होल्टेजही पडत नसावं.

बँकरचा वेग किती ठेवू? आणि 8 बाय 4 सोडून भिंतीकडेने फळी फिरवणं हाच उपाय आहे का?

प्रतिसाद

डबा बाहेर कलंडतोय म्हणजे दाब मागून जास्त येतोय. नुसतं ओढताना फार ताण आला तर हलका डबा वळणाच्या आत पडतो, रेटताना बाहेर. तुमचा बँकर पुढच्या इंजिनापेक्षा जोरात पळतोय. दोन कंपन्यांच्या मोटारी वेगाच्या एकाच स्टेपला सारख्या धावत नाहीत. दोन्ही इंजिनं सुटी, एकामागे एक सोडा आणि डीकोडरमधले सीव्ही (सेटिंगचे आकडे) 2, 5 आणि 6, म्हणजे सुरुवातीचा, कमाल आणि मधला वेग, बदलत अंतर कायम राहीपर्यंत जुळवा. मग बँकर किंचित मंद ठेवा, म्हणजे निदान पुढचे डबे ताणलेले राहतील. दोन्हींचे सीव्ही 3 आणि 4 (वेग वाढण्याचा आणि कमी होण्याचा दर) ही सारखे करा, नाहीतर सुटताना आणि थांबताना पुन्हा तेच होईल.

डब्याचं वजन केलंत का? एनएमआरए या अमेरिकी मॉडेल रेल्वे संघटनेच्या शिफारशीप्रमाणे एचओला एक औंस अधिक लांबीच्या दर इंचाला अर्धा औंस. तुमच्या डब्याला साधारण 165 ग्रॅम होतात. घरी केलेले प्लॅस्टिकचे डबे याच्या निम्मेही नसतात. वजन खाली, जमिनीलगत बसवा आणि सगळ्या डब्यांना सारखं ठेवा.

त्रिज्येबद्दल: डब्याच्या लांबीच्या तिप्पट, म्हणजे 75 सेंमीच्या आसपास मिळाली तर डबे निवांत वळतील. 56 वर चालतील, पण कपलिंगला बाजूला सरकायला वाव हवा. शिवाय वळणावर घर्षणामुळे तोच चढ अधिक तीव्र वाटतो. भिंतीकडेने जाणार असाल तर चढ सरळ भागात घ्या.

धागाकर्ता

मनापासून आभार. तुमचं वाचून आधी वजनकाटा काढला. तिसरा डबा 70 ग्रॅम निघाला, बाकीचेही त्याच्याच आसपास. चाकं संतुलित करायला गॅरेजमध्ये चिकटपट्टीची वजनं वापरतात, ती आणून सगळ्या डब्यांच्या तळाशी बसवली. मग सीव्ही जुळवले. कालपासून पाच डबे आणि बँकर घाट चढताहेत, एकही डबा रुळावरून उतरलेला नाही. बँकर लागतो तेव्हा शेवटचा डबा केसभर पुढे सरकतो, ते पाहायला शेजारची मुलं गोळा झाली होती.

भिंतीकडेने जायचं ठरवलंय. खिडकीखाली फूटभर रुंदीची फळी आणि कोपऱ्यात 75 सेंमीची वळणं. पावसाळ्यात प्लाय वाकू नये म्हणून खालून उभ्या पट्ट्यांची चौकट करून घेणार आहे.

तेव्हा पुढचा प्रश्न. उतरणीवर कॅच साइडिंग (ताबा सुटलेली गाडी वळवून थांबवणारा बाजूचा रूळ) करायची आहे. गाडी थांबून ठरावीक सेकंद झाल्याशिवाय सांधा (रूळ बदलणारा पॉइंट) मुख्य मार्गाला लागता कामा नये, खऱ्या घाटासारखं. डीसीसी-ईएक्समध्ये हे सेन्सर आणि सर्वो लावून कुणी केलंय का? सेन्सर इन्फ्रारेड घ्यावा की करंट डिटेक्शनचा (रुळातला वीजप्रवाह ओळखणारा)?