तिसरीतला मुलगा वाचनात अडतो, हिशेबात नाही. वर्गात काय करावं?

यवतमाळची_बाई: नमस्कार. जिल्हा परिषद शाळा, तिसरी-चौथी एकत्र, पट 31. तिसरीतल्या एकाला बाजाराचा हिशेब तोंडी घाला, उत्तर तयार. तेच उदाहरण फळ्यावर लिहिलं की गप्प. घ-ध, भ-म मध्ये गोंधळ, 'प्रकाश'चं 'पकाश', ओळ सुटते. वडील म्हणतात, "लक्षच देत नाही, दोन ठेवून द्या." विशेष शिक्षक तालुक्याहून कधीतरी येतात. तोवर मी काय करू?

जुने_मास्तर: मॅडम, आधी डोळे-कान तपासून घ्या. आरबीएसकेचं (शाळेत येऊन मुलांची आरोग्य तपासणी करणारं सरकारी) पथक येईपर्यंत थांबू नका, ग्रामीण रुग्णालयात पाठवा. दुसरं, घरची भाषा कोणती? गोरमाटी किंवा कोलामी बोलणारं पोर मराठी वाचताना अडलं तर तो वेगळा विषय.

यवतमाळची_बाई: घरी मराठीच. डोळ्यांचं बघते.

समावेशित_ताई: शिक्का आत्ताच मारू नका. अध्ययन अक्षमता, म्हणजे वाचन-लेखन-गणित शिकण्यातली खास अडचण, 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत आहे, पण निदान तज्ज्ञांनीच करायचं, तेही मुलाच्या भाषेतल्या चाचणीवर. मराठीत 'डाली' ही वाचनातली अडचण तपासायची चाचणी आहे, मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राची. तुम्ही एनसीईआरटीच्या 'प्रशस्त' ॲपमधली, मुलाच्या अडचणी शिक्षकांनी नोंदवायची यादी भरा आणि गटसाधन केंद्रात कळवा.

वर्गात मात्र उद्यापासून सुरू करता येईल. जुन्या लग्नपत्रिकेत एका ओळीएवढी खिडकी कापा, ती पानावर सरकवत वाचू दे. घ आणि ध एकाच दिवशी मुळीच नको. घ पक्का होऊ दे, ताटात रवा पसरून बोटाने गिरवू दे, तोंडाने म्हणू दे, मग पुढे बघू. जोडाक्षरांचंही तसंच: प्र, क्र, ग्र, त्र एकदम ओतू नका. आणि पोळ्याला काय केलं ते त्याला सांगू द्या. त्याच्याच चार ओळी तुम्ही मोठ्या अक्षरात लिहा आणि त्याच वाचायला द्या. पुढचा शब्द कोणता येणार हे त्याला ठाऊक असतं, धीर येतो. सगळ्यांसमोर उभं करून वाचून घेणं बंद.

गणिताचं उदाहरण खुशाल वाचून दाखवा. तपासायचं गणित आहे, वाचन नाही.

चौथीचे_सर: सगळं खरं, पण उरलेल्या तिसांचं काय? वेळ कुठून आणायचा?

जुने_मास्तर: सर, चौथीतलं एखादं पोर जोडीला द्या. वर्गातलं सगळ्यात हुशार नको, ते याच्या आधीच शब्द सांगून मोकळं होतं. दमानं ऐकणारं बघा. रव्याचं ताट आणि खिडकी दोन-चार जणांना तरी लागतेच, त्यामुळे हा एकटा वेगळा पडत नाही.

यवतमाळची_बाई: पटलं. वडिलांना कसं समजावू?

समावेशित_ताई: आजाराचं नाव काढू नका. शाळेत बोलवा आणि त्यांच्यासमोरच पोराला तोंडी हिशेब घाला. मग तेच उदाहरण लिहून द्या. बोलायचं ते त्यानंतर.

यवतमाळची_बाई: शुक्रवारी बोलावते, गुरुवारी त्यांचा बाजार असतो.